नासाऊच्या धक्क्यावर आठ तास

मायामीच्या गोदीतून संध्याकाळी सुटलेलं सहलीचं जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी नासाऊला लागतं. अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर. मनात आणलं तर जहाज मध्यरात्र उलटताच तिथं पोचेल, पण घाई कोणालाच नसते. रात्रभर ते संथ चालीनं, इंधन राखत जातं. आतले लोक जेवतात, नाचतात, पत्ते खेळतात, झोपतात आणि उजाडताना खिडकीबाहेर बहामा बेटांची राजधानी दिसू लागते. फ्लोरिडातून निघणारी तीन-चार दिवसांची छोटी कॅरिबियन सहल घ्या, तिच्या वेळापत्रकात नासाऊ बहुधा असतंच. भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे बहामा बेटं अटलांटिक महासागरात आहेत, कॅरिबियन समुद्र क्यूबाच्या दक्षिणेला सुरू होतो. सहलींच्या नकाशात मात्र ती कॅरिबियनच.

एवढी जहाजं इथंच का येतात? पाणी सुंदर आहे आणि अंतर सोयीचं आहे. पण याशिवाय एक कारण आहे, ते प्रवाशांना सहसा ठाऊक नसतं आणि तेच सगळ्यांत बळकट आहे. १८८६ मध्ये अमेरिकेनं प्रवासी जहाजांसाठी एक कायदा केला. परदेशी जहाजांनी अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवू नयेत, असा त्याचा गाभा. देशातली किनारी वाहतूक देशातल्या जहाजमालकांच्या हातात राहावी, हा हेतू. आज हा हक्क अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकी मालकीच्या आणि अमेरिकी झेंडा लावणाऱ्या जहाजांनाच आहे. सहलीची मोठी जहाजं बांधली जातात फिनलंड, जर्मनी, फ्रान्स आणि इटलीत, आणि त्यांच्यावर झेंडे असतात बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा यांचे. तेव्हा मायामीहून निघून मायामीलाच परतणाऱ्या अशा जहाजाला, वाटेत कुठं थांबायचं असेल तर, एका तरी परदेशी बंदरात थांबावंच लागतं. तीन रात्रींच्या सहलीत जाऊन येता येईल असं सर्वांत हाताशी असलेला परदेश म्हणजे बहामा. निघायचं एका अमेरिकी बंदरातून आणि उतरायचं दुसऱ्यात, असं असेल तर नियम आणखी कडक होतो: तेव्हा ‘दूरचं’ परदेशी बंदर लागतं. वेस्ट इंडिजमधली बहुतेक सगळी बेटं ‘जवळची’ धरली जातात. आरूबा, बोनेर आणि क्युरसाव मात्र दक्षिण अमेरिकेच्या खात्यात पडतात, म्हणून ती ‘दूरची’.

हा जुना कायदा अजून किती जिवंत आहे, ते २०२१ मध्ये दिसलं. कोविडच्या साथीमुळे कॅनडानं आपली बंदरं प्रवासी जहाजांना बंद ठेवली होती. सिॲटलहून अलास्काला जाणारी जहाजं वाटेत कॅनडाच्या बंदरात थांबतात. तो थांबाच गेल्यावर अलास्काचा सगळा हंगाम बुडायची वेळ आली. शेवटी अमेरिकी काँग्रेसनं त्या वर्षीच्या मे महिन्यात खास तात्पुरता कायदा करून सूट दिली, तेव्हा कुठं जहाजं हलली.

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आपल्याकडचे आईवडील हल्ली हौसेनं अशा सहलीला जातात. त्यांनी यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नासाऊला जहाज लागलं की कायद्याच्या हिशेबी तुम्ही अमेरिकेबाहेर पडलेले असता आणि मायामीला परतताना नव्यानं अमेरिकेत शिरता. म्हणून व्हिसा अनेकदा प्रवेशाचा, म्हणजे मल्टिपल एंट्रीचा लागतो. शिकणारी मुलं बरोबर असतील तर त्यांच्या आय-२० या कागदावर विद्यापीठाची प्रवासासाठीची सही घेतलेली हवी. बहामाचे स्वतःचे प्रवेशाचे नियमही तिकीट काढण्याआधी तपासलेले बरे.

धक्क्याला लागलेल्या जहाजाची मागची बाजू पाहिली तर तिथं ठळक अक्षरांत जहाजाचं नाव आणि त्याखाली नोंदणीचं बंदर लिहिलेलं असतं. रॉयल कॅरिबियनच्या अनेक जहाजांवर तिथं ‘नासाऊ’च दिसतं. कंपनीची कचेरी मायामीत, प्रवासी बहुतेक अमेरिकी, खलाशी जगभरचे आणि जहाजाचं गाव कागदोपत्री नासाऊ. परक्या देशाचा झेंडा लावायची ही पद्धत सहलीच्या धंद्यात शंभर वर्षांची आहे. अमेरिकेत दारूबंदी असताना, १९२२ मध्ये, ‘रिलायन्स’ आणि ‘रेझोल्यूट’ या दोन अमेरिकी जहाजांनी पनामाचा झेंडा लावला, कारण अमेरिकी झेंड्याखाली प्रवाशांना दारू देता येत नव्हती. पुढे कर आणि मजुरीचे नियम ही कारणं मोठी ठरली. बहामानं आपली जहाजनोंदणी १९७६ मध्ये, स्वातंत्र्यानंतर तीन वर्षांनी सुरू केली. आज ती जगातल्या मोठ्या नोंदणींपैकी एक आहे.

बंदराचं तोंड जवळ आलं की एक लहान, वेगवान बोट जहाजाच्या कुशीला लागते. चालत्या जहाजाच्या बाजूनं सोडलेल्या दोरशिडीवरून एक माणूस वर चढतो. हा बंदराचा पायलट. वारा, प्रवाह, गाळ, वळण यांची त्याला रोजची ओळख असते. जहाजाची जबाबदारी कप्तानाचीच राहते, पण आत शिरताना शब्द पायलटचा चालतो. ‘यूटोपिया ऑफ द सीज’सारखं जहाज सुमारे ३६० मीटर लांब असतं आणि बहुमजली इमारतीसारख्या त्याच्या भिंतीवर वारा शिडासारखा भरतो. तरीही ते टगबोटींच्या मदतीशिवाय जागच्या जागी फिरून धक्क्याला लागतं. पूर्ण गोल फिरणारे विजेचे पंखे त्याच्या मागे असतात आणि नाळेत आडवा जोर देणारे वेगळे. सकाळी लवकर उठून वरच्या डेकवरून हे पाहावं. सबंध दिवसातली ही सर्वांत कसबी घडामोड असते आणि बहुतेक प्रवासी त्या वेळी न्याहारीच्या रांगेत असतात.

या बंदराची रचना समजली की नासाऊचा इतिहास उलगडतो. न्यू प्रॉव्हिडन्स हे बेट ३४ किलोमीटर लांब आणि ११ किलोमीटर रुंद. त्याच्या उत्तर किनाऱ्यासमोर आज पॅराडाइज आयलंड म्हणतात ते चिंचोळं बेट आडवं पसरलं आहे. पूर्वी ते हॉग आयलंड होतं. मधला पाण्याचा पट्टा म्हणजे बंदर. लाटांना आडोसा, आणि पूर्व-पश्चिम अशी दोन तोंडं. पाणी उथळ. लहान, चपळ जहाजांना ते पुरायचं, मोठ्या युद्धनौकांना नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्री चाच्यांनी इथं ठाण मांडलं ते यामुळेच. ब्लॅकबिअर्ड, चार्ल्स व्हेन, जॅक रॅकम, ॲन बॉनी ही नावं या पाण्याशी जोडलेली आहेत. १७१८ मध्ये इंग्लंडच्या राजानं वुड्स रॉजर्सला गव्हर्नर म्हणून धाडलं. त्यानं शरण येणाऱ्यांना माफी दिली, न येणाऱ्यांना फासावर चढवलं आणि चाच्यांचं राज्य संपवलं.

ज्या उथळपणानं चाच्यांना तारलं, तो सहलीच्या जहाजांना चालणारा नव्हता. १९६० च्या दशकात बंदराचा तळ खोल उकरला गेला. निघालेला गाळ आणि खडक पश्चिमेला टाकून अरावाक के नावाचा कृत्रिम भूभाग तयार झाला. २००९ च्या सुमारास ‘ओॲसिस ऑफ द सीज’च्या आकाराची जहाजं यायची म्हणून पुन्हा तळ उकरला. पश्चिमेच्या तोंडाशी पॅराडाइज आयलंडच्या टोकाला १८१७ मध्ये बांधलेला दीपस्तंभ आहे. सहलीची जहाजं त्याच्या बाजूनंच आत येतात.

नासाऊच्या इतिहासात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हे गाव नेहमी समोरून जाणाऱ्या जहाजांवर जगत आलं आहे, आणि कुठलं जहाज थांबणार हे दर वेळी दुसऱ्यानं ठरवलं आहे. बेटांचा पाया चुनखडीचा, माती पातळ, ऊस किंवा कापूस मोठ्या प्रमाणावर टिकेना. मग चाचे गेल्यावर लोक खडकांवर आदळून फुटलेल्या जहाजांतला माल काढून त्यावर गुजराण करू लागले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली, आणि ती कोंडी फोडून कापूस बाहेर व शस्त्रं आत नेणाऱ्या जहाजांचा तळ नासाऊ झालं. गावात पैसा वाहू लागला. युद्ध संपलं, पैसा आटला. मग स्पंज आले, उथळ समुद्रातून काढून जगभर विकले जाणारे. १९३८ मध्ये रोग पडून तेही गेले. त्याच्या आधी, १९२० ते १९३३ या काळात, अमेरिकेच्या दारूबंदीनं नासाऊला पुन्हा दिवस दाखवले होते. व्हिस्कीची खोकी इथं उतरत आणि रात्रीच्या अंधारात फ्लोरिडाकडे जात. आज जहाजं ज्याला लागतात तो प्रिन्स जॉर्ज धक्का त्याच काळातला. १९२८ मध्ये आलेल्या इंग्लंडच्या राजपुत्राचं नाव त्याला मिळालं.

सहलीच्या जहाजांचा आजचा धंदाही याच वाटेवर जन्मला, आणि त्याच्या आधी एक भयंकर रात्र गेली. १३ नोव्हेंबर १९६५ च्या पहाटे मायामीहून नासाऊला निघालेल्या ‘यार्मथ कासल’ या जहाजाला आग लागली. जहाज १९२७ सालचं, आतलं बरंचसं काम लाकडी, त्यावर रंगाचे थरावर थर. ९० माणसं गेली. या दुर्घटनेनंतर सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दुरुस्त्या झाल्या आणि प्रवासी जहाजांत जळाऊ सामान वापरण्यावर कडक बंधनं आली. सहलीच्या पहिल्या दिवशी प्रवाशांना आपलं जमण्याचं ठिकाण दाखवतात आणि जीवरक्षक जाकिटं समजावतात, तेव्हा काही जण कंटाळतात. त्यांनी ‘यार्मथ कासल’ आठवावं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६६ मध्ये, टेड एरिसन आणि नॉर्वेचे क्नुट क्लोस्टर यांनी ‘सनवर्ड’ हे नवं जहाज मायामी ते बहामा अशा नियमित छोट्या सहलींवर घातलं. त्यातून नॉर्वेजियन क्रूझ लाइन उभी राहिली. पुढे दोघांचं फाटलं आणि एरिसननं १९७२ मध्ये कार्निव्हल काढली. ‘सनवर्ड’वर प्रवासी होते पाचशेच्या आसपास. आज एका मोठ्या जहाजातून पाच-सहा हजार उतरतात आणि धक्क्यावर सहा जहाजांची जागा आहे.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास बंदराचे अधिकारी कागद पाहून मोकळीक देतात आणि घोषणा होते. प्रत्येक प्रवाशाचं खोलीचं कार्ड दारात यंत्रावर टेकवून नोंदलं जातं. कोण बाहेर आहे, कोण आत, हे जहाजाला क्षणाक्षणाला ठाऊक असतं. त्याच वेळी जहाजावरचा जुगारखाना आणि दुकानं सहसा बंद असतात, कारण बंदरात उभं असताना त्या देशाचे कर आणि कायदे लागू होतात. धक्क्याच्या टोकाला २०२३ मध्ये सुरू झालेलं नवं टर्मिनल लागतं. त्यासाठी ३० कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. दुकानं, खाणंपिणं, जंकानू या मुखवट्यांच्या आणि ढोलांच्या उत्सवाचं छोटं संग्रहालय, सगळं तिथंच. अनेक प्रवासी एवढंच पाहून परततात. एखादा तास तिथं घालवायला हरकत नाही, पण गाव त्याच्या पुढं आहे आणि ते पायी पाहण्याजोगं आहे.

बाहेर पडलं की बे स्ट्रीट. घड्याळं, हिरे, अत्तरं, रम यांची दुकानं ओळीनं. ती दुसऱ्या कुठल्याही कॅरिबियन बंदरात दिसतात तशीच. समोर संसदेच्या गुलाबी इमारती, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, आणि मधोमध व्हिक्टोरिया राणीचा पुतळा. पश्चिमेला थोडं गेलं की स्ट्रॉ मार्केट. २००१ च्या आगीत जुना बाजार जळाला, आजची इमारत २०११ ची. पामच्या आणि केकताडाच्या पात्यांपासून टोपल्या, टोप्या, पिशव्या विणण्याची बहामाची कला खरोखर सुंदर आहे, पण बाजारात बाहेरून आणलेला माल त्याच ढिगात मिसळलेला असतो. विणणारी बाई समोर बसून विणत असेल तिच्याकडून घ्यावं. किंमत जास्त पडते आणि ती द्यायला हरकत नाही. बहामी डॉलर अमेरिकी डॉलरच्याच भावाचा असल्यानं पैसे बदलायची भानगड नाही.

बाजारापासून पाच मिनिटांवर एक बैठी गुलाबी इमारत आहे, व्हेंड्यू हाउस. नासाऊत वेळ अगदी कमी असेल तर बाकी सगळं सोडून मी इथं जायला सांगेन. अठराव्या शतकात इथं लिलाव होत. मीठ, दोरखंड, गुरं आणि माणसं एकाच छपराखाली विकली जात. आज ते पॉम्पी संग्रहालय आहे. पॉम्पी हा एक्झुमा बेटावर लॉर्ड रोलच्या मळ्यातला गुलाम. १८३० मध्ये मळ्यातल्या लोकांना अचानक सांगण्यात आलं की तीन दिवसांत दुसऱ्या बेटावर हलायचं आहे. घरं, पेरलेली शेतं, नातीगोती सोडून. पॉम्पीच्या पुढाकारानं त्यांनी नकार दिला, रानात लपले, मग मालकाचीच बोट घेऊन गव्हर्नरकडे दाद मागायला नासाऊला निघाले. त्यांना वाटेत पकडून नासाऊला आणलं, कोंडलं, फटके मारले. त्यांत बायकाही होत्या. गव्हर्नर कारमायकेल स्मिथला हे कळलं तेव्हा तो संतापला, आणि त्या लोकांना परत एक्झुमाला, त्यांच्या घरी धाडण्यात आलं. चार वर्षांनी, १ ऑगस्ट १८३४ ला, ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांत गुलामगिरी कायद्यानं संपली. आज त्याच बंदरात हजारो लोक हौसेनं उतरतात, आणि त्यांच्यापैकी फार थोडे या दारातून आत जातात याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

तिथून दक्षिणेला, चढाच्या वाटेनं पंधरा-वीस मिनिटं चाललं की राणीचा जिना येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस चुनखडीचा अखंड खडक फोडून हा जिना आणि त्याकडे जाणारी घळ गुलामांकडून करवून घेतली. सहाशे माणसं या कामावर होती असं तिथं सांगतात. पायऱ्या ६६, त्यांतली सर्वांत खालची रस्त्याखाली गेली, म्हणून मोजल्या तर ६५ भरतात. भिंती तीस मीटरपर्यंत उंच, झाडांची सावली, बाहेर ऊन रणरणत असताना आत गारवा. व्हिक्टोरियाचं नाव या जिन्याला मागाहून मिळालं. वर फोर्ट फिनकासल हा छोटा किल्ला, १७९३ चा, गव्हर्नर लॉर्ड डनमोरनं बांधलेला. त्याच्यावर मोठी लढाई कधी झालीच नाही.

किल्ल्याच्या कठड्यापाशी उभं राहून दोन्हीकडे पाहावं. उत्तरेला बंदर आणि गावातल्या कुठल्याही इमारतीहून उंच अशी पांढरी जहाजं. दक्षिणेला उताराखाली ग्रँट्स टाउन आणि बेन टाउन. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेले आफ्रिकी आणि पुढे मुक्त झालेले लोक तिथं वसले. या सगळ्या भागाला ‘टेकडीपलीकडचं’ गाव म्हणतात. बहामाच्या स्वातंत्र्याच्या चळवळीचं बळ याच वस्त्यांतून आलं आणि १० जुलै १९७३ ला देश स्वतंत्र झाला. प्रवासी मात्र या कड्यावरून मागं वळतात.

भूक लागली असेल तर टर्मिनलमधलं पिझ्झाचं दुकान टाळून पूर्वेला पॉटर्स केच्या धक्क्यावर जावं, पॅराडाइज आयलंडच्या पुलाखाली. तिथं टपऱ्यांवर शंख फोडून त्याचं मांस डोळ्यांदेखत बारीक चिरतात, त्यात कांदा, टोमॅटो, भोपळी मिरची, तिखटजाळ बहामी मिरची घालतात आणि वरून लिंबू-संत्र्याचा रस पिळतात. शिजवत नाहीत, आंबट रसातच ते मुरतं. अरावाक केवरही हे मिळतं. बहामाचा हा खरा पदार्थ, आणि तो धोक्यात आहे. गुलाबी ओठाचा हा मोठा शंख हळू वाढतो, आणि समुद्रतळावर प्रौढ शंख पुरेसे दाट नसतील तर नर-मादी एकमेकांना गाठतच नाहीत, वीण थांबते. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस कराराची बंधनं आहेत. मच्छीमारांनी पूर्ण वाढ झालेलेच शंख उचलावेत असा नियम आहे. तो पाळला जातो की नाही यावर या पदार्थाचं भवितव्य ठरेल.

एवढ्या वेळात जहाज रिकामं नसतं. गोवा, कोकण, वसई या पट्ट्यात ‘पोरगा बोटीवर आहे’ असं सांगणारी घरं गल्लोगल्ली सापडतात. स्वयंपाकघरात, जेवणाच्या दालनात, इंजिनाच्या खोलीत, खोल्यांच्या साफसफाईत ही मुलं सहा ते नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर असतात. प्रवाशांसाठी बंदराचा दिवस सुट्टीचा, त्यांच्यासाठी कामाचाच. आगीची आणि होड्या उतरवण्याची कवायत बहुधा अशा दिवशीच घेतात, कारण प्रवासी बाहेर असतात. शिवाय काही झालं तर जहाज सांभाळायला ठरावीक माणसं आत असावीच लागतात, आणि ज्याची पाळी येते त्याला खाली उतरता येत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे नियम पाळूनही दिवस चौदा तासांचा होऊ शकतो. मग दुपारचे दोन-तीन तास मिळाले की हे लोक गाव पाहायला जात नाहीत. साबण, मॅगी, औषधं घेतात, धक्क्याजवळ फुकटचं वायफाय गाठतात आणि घरी फोन लावतात. हिवाळ्यात नासाऊला दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात, मुलं झोपायच्या बेतात. एखाद्यानं या धक्क्याला वर्षानुवर्षं दर आठवड्याला पाय लावलेला असतो आणि राणीचा जिना त्यानं पाहिलेला नसतो.

परतीची वेळ बहुधा जहाज सुटण्याआधी अर्ध्या तासाची असते आणि ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. नासाऊचं घड्याळ मायामीच्या बरोबरीनं चालतं, म्हणून इथं घोटाळा होत नाही. मेक्सिकोच्या कोझुमेलला वर्षातले काही महिने गावाची आणि जहाजाची वेळ वेगळी पडू शकते आणि माणसं चुकतात. उशीर झालेल्यांसाठी जहाज फार थांबत नाही. धक्क्याची जागा पुढच्या जहाजाला दिलेली असते, पायलट ठरलेला असतो, आणि गेलेला वेळ समुद्रात भरून काढणं महाग पडतं. जहाज पुढं रेटायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: वेग दीडपट केला तर ताकद तिपटीहून जास्त. कंपनीच्या स्वतःच्या सहलीला गेलेल्यांची वाट पाहतात किंवा त्यांना पुढच्या बंदरात पोचवण्याची सोय करतात. आपल्या आपण फिरणाऱ्यानं घड्याळ सांभाळावं आणि पासपोर्टची प्रत खिशात ठेवावी.

आता पैशांचं. २०२३ मध्ये बहामात सुमारे ९६ लाख पर्यटक आले. दहातले आठ समुद्रमार्गे. पण जेवण आणि झोप जहाजावरच असणारा माणूस हॉटेलात आठवडाभर राहणाऱ्याच्या मानानं गावात फारच थोडं सोडून जातो. आणि अलीकडे तेही दुसरीकडे वळतं आहे. १९७७ मध्ये नॉर्वेजियननं ग्रेट स्टिरप के हे बेट आपल्या प्रवाशांसाठी घेतलं. मग डिस्नेचं कॅस्टअवे के आलं. रॉयल कॅरिबियननं कोकोकेवर २५ कोटी डॉलर खर्चून २०१९ मध्ये घसरगुंड्यांचं जलविश्व उभारलं. २०२५ मध्ये ग्रँड बहामावर कार्निव्हलचं सेलिब्रेशन की सुरू झालं. तिथंही देश बहामाच असतो, त्यामुळे १८८६ चा कायदाही भागतो. पुळण कंपनीची, बहुतेक दुकानं आणि खाणंपिणंही कंपनीच्याच हातचं. मग खुद्द नासाऊच्या समोर, पॅराडाइज आयलंडवर, रॉयल कॅरिबियनच्या बीच क्लबचं बांधकाम २०२४ मध्ये सुरू झालं. सरकारनंही आपली जमीन देऊन त्यात वाटा घेतला आहे. जहाजातून उतरून छोट्या बोटीनं थेट तिथं जायचं, बे स्ट्रीटला पाय न लावता.

सरकारनं कराचं हत्यार उचललं. २०२४ च्या जानेवारीपासून नासाऊ किंवा फ्रीपोर्टला येणाऱ्या प्रवाशामागं २३ डॉलर, आणि फक्त खाजगी बेटांवर थांबणाऱ्यामागं २५ डॉलर. फरक दोनच डॉलरचा, पण दिशा योग्य आहे. केमन बेटांनी वेगळी वाट धरली. तिथं मोठा धक्का नाही, जहाजं लांब नांगर टाकतात आणि प्रवासी लहान बोटींतून किनाऱ्याला येतात, कोकणच्या आगबोटीतून पडावात उतरून माणसं हर्णैला जात तसे. धक्का बांधावा का, हा प्रश्न ३० एप्रिल २०२५ ला लोकांपुढं मतदानाला ठेवला गेला आणि त्यांनी तो नाकारला. प्रवाळांचं नुकसान आणि गर्दी, दोन्हीची त्यांना धास्ती होती.

नासाऊला तो पर्याय उरलेला नाही. धक्का बांधून झाला आहे. २०१९ च्या करारानं तो २५ वर्षांसाठी एका कंपनीकडे गेला. तिच्यात ४९ टक्के वाटा ग्लोबल पोर्ट्स होल्डिंगचा, ४९ टक्के बहामी गुंतवणूकदारांच्या फंडाचा आणि उरलेला तरुणांसाठीच्या एका संस्थेचा. म्हणजे निम्म्याच्या जवळ मालकी गावाकडे आहे. माझ्या मते त्या मालकीनं कराइतकाच तासांचा आग्रह धरावा. संध्याकाळी पाच-सहाला निघणाऱ्या जहाजावरच्या माणसाला नासाऊतलं रात्रीचं जेवण, गाणंबजावणं, जंकानूच्या तयारीचे ढोल यांतलं काहीच मिळत नाही, आणि कुठलंही खाजगी बेट हे देऊ शकत नाही. कंपन्यांना लवकर निघणं सोयीचं, कारण समुद्रात गेल्यावर जुगारखाना आणि दुकानं उघडतात. पण हे बदलता येतं. न्यूयॉर्क आणि बॉस्टनहून बर्म्युडाला जाणारी जहाजं तिथल्या धक्क्याला दोन-दोन, तीन-तीन रात्री थांबतात, आणि प्रवासी रोज सकाळी बसनं किंवा फेरीबोटीनं बेटभर फिरून येतात.